ठरावात शाळाही होत्या

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, हे आपल्या चळवळीत वाढलेल्या लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्या ठरावाची आठवण निघाली की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते, ते महाडच्या चवदार तळ्याचे. ते स्वाभाविकही आहे. महाडच्या नगरपालिकेने ता. ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला, ता. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याच्या पाण्याची ओंजळ घेतली, आणि ता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या ओंजळीवर कायद्याची मोहोर उठविली. कागदावरचा हक्क ओठांपर्यंत येण्यास चौदा वर्षे लागली. हा इतिहास इतका तेजस्वी आहे की त्याच्या उजेडात त्याच ठरावातील पुढचे शब्द दिसेनासे झाले. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांच्या जोडीने सार्वजनिक शाळा, न्यायकचेऱ्या, कार्यालये आणि दवाखानेही अस्पृश्यांस खुले असावेत, असे त्या ठरावात म्हटले होते. १९२७ च्या मार्चमधील महाडच्या परिषदेनेही केवळ पाण्याची मागणी केली नव्हती. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणि वसतिगृहांस सरकारी साहाय्य या मागण्या त्याच मांडवात संमत झाल्या होत्या.

तळ्याचे पाणी आज कोणी अडवीत नाही. शाळेचे दारही कोणी अडवीत नाही. तरीही तळ्याची गोष्ट पुरी झाली असे म्हणता येईल, तसे शाळेविषयी म्हणता येत नाही. कारण तळ्याला नुसते पाणी असले म्हणजे पुरते. शाळेला मुले लागतात, आणि तीही सर्व घरांची लागतात. ज्या शाळेत एकाच वाडीची, एकाच जातीची किंवा एकाच दारिद्र्याची मुले बसतात ती शाळा दार सताड उघडे असूनही सार्वजनिक राहत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांची आज जी अवस्था होत आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे, अशी आमची नवदीक्षित कुटुंबांना आग्रहाची विनंती आहे.

या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. या कुलाब्यातील पूर्वास्पृश्य समाजात इतक्या लवकर जागृती कशी आली, याचे उत्तर शोधू गेल्यास ते शाळेतच सापडते. ती शाळा गावची मात्र नव्हती. गावच्या शाळेने आपल्या मुलांना ओटीवरही उभे केले नव्हते. ती शाळा पलटणीची होती. रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांतून मुंबई इलाख्याच्या सैन्यात गेलेल्या महार शिपायांना व त्यांच्या मुलांना पलटणीत अक्षरओळख झाली. निवृत्त होऊन हे लोक सावित्रीच्या खोऱ्यात परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पेन्शनच्या कागदाबरोबर पुस्तकेही होती. महाडजवळच्या वलंगचे गोपाळबाबा वलंगकर त्यांपैकीच एक. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी शास्त्री-पंडितांना प्रश्न विचारले. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसावे लागेल म्हणून स्पृश्य सभासदांना घाम फुटला. शाळा, बोर्ड, कचेरी, कोठेही जा, भांडण अखेरीस शेजारी बसण्याचेच होते.

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचे उदाहरण तर या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. १९१४ च्या सुमारास हा अकरा वर्षांचा मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. त्याला प्रवेश नाकारण्यात आला. मुलाने रडत घरी बसण्याऐवजी वृत्तपत्राला पत्र धाडले. पत्र छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. परंतु दार उघडले तरी बाक मिळाला नाही. इतरांपासून वेगळे बसून त्याने धडे गिरविले. याच मुलाने पुढे तरुणपणी बाबासाहेबांना महाडला आणण्याची खटपट आरंभली, आणि त्यातून १९२७ ची परिषद उभी राहिली. मोरे यांचा मार्ग नंतर साम्यवादाकडे वळला; त्याविषयी आपल्यात मतभेद होते व आहेत. असो. चवदार तळ्याच्या लढ्यामागे एका शाळेच्या दारात अडविलेला मुलगा उभा होता, हे सत्य त्या मतभेदांनी पुसले जात नाही.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना कोपऱ्यात तरटाच्या तुकड्यावर बसावे लागे, आणि ते तरट शाळेच्या गड्याने शिवायचे नाही म्हणून रोज घरी न्यावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे त्याच भीमरावांनी संविधान घडविले. त्याच्या २९ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, राज्याने चालविलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही, अशी तरतूद आहे. दासगावच्या मुलाने वृत्तपत्राकडे मागितलेला न्याय छत्तीस वर्षांनी देशाचा मूलभूत कायदा झाला.

इथपर्यंतचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. यानंतरचा भाग मात्र आपण सहसा सांगत नाही. शेजारी बसू न देण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे येणाऱ्याला हाकलणे. तो बंद झाला की दुसरा मोकळाच असतो, तो म्हणजे आपण उठून जाणे.

१९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावच्या अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या शाळेत नेऊन बसविली. सरकारी नियम त्यांच्या बाजूचा होता. गावच्या सवर्णांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली, अस्पृश्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांच्या विहिरीत घासलेट ओतले. ही हकीकत बाबासाहेबांनी वारंवार उद्धृत केली आहे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच घडले. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे ही मुळातच विषमता आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने ता. १७ मे १९५४ रोजी दिला. तेव्हा व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड नावाच्या परगण्याने काय केले? सर्व सार्वजनिक शाळांना कुलूप ठोकले. १९५९ पासून १९६४ पर्यंत पाच वर्षे ती कुलपे तशीच होती. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी पुष्कळांची ती वर्षे अक्षराविना गेली. काळ्या मुलासाठी शाळेचा दरवाजा उघडावा लागू नये म्हणून दरवाजाच काढून टाकण्याची ही तऱ्हा आहे.

आपल्याकडे एवढे उघडे पाप कोणी केले नाही. येथे सारे हळूहळू, सभ्यपणे आणि फीच्या पावतीवर होत गेले. गावातील सुस्थित घरांतील मुले प्रथम तालुक्याच्या खासगी शाळेत गेली. मग शाळेची पिवळी बस गावात येऊ लागली. बसच्या मागोमाग दुकानदाराचा मुलगा गेला, बागायतदाराचा गेला, होडीवाल्याचा गेला, आणि हे सांगणे आम्हांस प्राप्त आहे, नोकरदार बौद्धांचाही गेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे कोण राहिले? ज्याच्याकडे बसचे पैसे नाहीत तो. बहुधा कातकरी वाडीतील मूल, परप्रांतातून कामाला आलेल्या मजुराचे मूल, आणि आपल्याच वस्तीतील एखाद्या विधवेचे किंवा रोजंदारीवाल्याचे मूल. म्हणजे गावाची प्रतवारी, जी मोडण्यासाठी शाळा सार्वजनिक झाली होती, ती आता शाळांच्या प्रतवारीतून पुन्हा उभी राहत आहे. पूर्वी एका शाळेत दोन बैठका होत्या. आता दोन बैठकांच्या दोन शाळा झाल्या, इतकाच फरक.

पट घटला की सरकारचे काम सोपे होते. १९१७ मध्ये नव्हे, १९२७ मध्ये नव्हे, स्वतंत्र भारताच्या महाराष्ट्र सरकारने २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुले इतरत्र हलविण्याचे ठरविले. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांची योजना निघाली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात होत्या. त्यांतील मुले एका मोठ्या शाळेत आणावीत, असा त्या योजनेचा आशय. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असे मंत्र्यांनी सांगितले. पुढे ता. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुले असतील तर तेथे शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये, असे मान ठरविले. शाळा बंद केली नाही, फक्त शिक्षक ठेवला नाही! यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

पटाच्या हिशेबाने शाळा मोजणाऱ्यांनी किनाऱ्याचा नकाशा एकदा पाहावा. येथे दोन गावांच्या मध्ये खाडी असते, डोंगराचे टेपाड असते, पावसाळ्यात ओढा असतो. शिक्षणहक्काच्या राज्य नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर कागदावर पट्टीने मोजता येते. आषाढातील सहा वर्षांच्या मुलीला ते पायांनी मोजावे लागते. लांबच्या शाळेत मुलगा एखाद्या वेळी जाईल. मुलगी घरी राहील. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

आणि ज्या शाळा अशा रीतीने ओस पडत आहेत त्या कोणत्या प्रदेशातील? या किनाऱ्याइतकी माणसांची सरमिसळ महाराष्ट्रात क्वचितच कोठे असेल. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत नुसते चालत गेले तरी कोळी, आगरी, भंडारी, चौल-रेवदंड्याच्या वाड्या राखणारे माळी, बौद्ध, कातकरी आणि ठाकर भेटतात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन येथे कोकणी मुसलमानांच्या पिढ्यान् पिढ्या नांदल्या. जंजिऱ्यावर सिद्दी नवाबांचे राज्य होते. अलिबागजवळच्या नवगावात आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी परंपरा सांगणारे बेने इस्रायल तेलाच्या घाण्या चालवीत आणि शनिवारी घाणी बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले. कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे. तिच्या घरांत अद्याप पोर्तुगीज मिसळलेली एक निराळीच बोली चालते आणि मुले मराठी पुस्तकातून शिकतात. यात आता थळच्या खत कारखान्यापासून डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहारच्या कुटुंबांची भर पडली आहे. बंगल्यांची राखण करणारे नेपाळीही आले आहेत.

ही सारी माणसे बाजारात भेटतात, मासळीच्या लिलावात भेटतात, एस.टी.त भेटतात. परंतु ती भेट कामापुरती. त्यांची देवळे वेगळी, मशिदी व विहार वेगळे, वाड्या वेगळ्या, लग्ने वेगळी, सरणेसुद्धा वेगळी. यांची मुले एका छताखाली सहा तास, एका हजेरीपटावर, एका पोषण आहाराच्या पंगतीत बसतील, अशी जागा गावात एकच होती. ती जागा म्हणजे ‘जीवन शिक्षण मंदिर’ किंवा तत्सम नावाची कौलारू प्राथमिक शाळा. पंगतीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. शाळेत शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, आणि पुढे २००४ मध्ये ते शिजविण्याच्या कामी दलितांना अग्रक्रम द्यावा असेही सांगितले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांच्या हातचे अन्न गावातील प्रत्येक जातीचे मूल खाईल, इतका क्रांतिकारक विचार सरकारी कागदात फार थोड्या वेळा उमटला असेल. पण पंगतीला कोणी बसावयास उरलेच नाही, तर त्या क्रांतीचे करावयाचे काय?

कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्यापाशी बाबासाहेब शिकले त्या जॉन ड्यूई यांनी १९१६ मध्ये लोकशाही आणि शिक्षण यांचे नाते सांगणारा ग्रंथ लिहिला. लोकशाही ही निव्वळ राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात आणला आणि जातिव्यवस्था त्याच्या नेमकी उलट आहे हे दाखविले. जात म्हणजे माणसांमाणसांतील अभिसरण रोखणारा बांध. हा बांध मोठ्या माणसांच्या सभांनी फुटत नाही. सभा संपली की प्रत्येक जण आपापल्या आळीला जातो. तो फुटला तर पाटी उसनी घेणाऱ्या, डबा वाटून खाणाऱ्या आणि मधल्या सुट्टीत भांडून पुन्हा एक होणाऱ्या मुलांमध्येच फुटेल.

येथे आमचे कित्येक वाचक रागावतील, आणि त्यांच्या रागात तथ्य आहे. ते म्हणतील, सहजीवनाचा भार नेहमी आमच्याच मुलांच्या खांद्यावर का? ज्या शाळेत चार इयत्तांना मिळून एक किंवा दोन शिक्षक, आणि तेही निवडणूक, जनगणना व माहितीचे तक्ते भरण्यात गुंतलेले, त्या शाळेत मूल ठेवून आम्ही गावाचे ऐक्य राखावे की मुलाचे आयुष्य? बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकले, परदेशी गेले. इंग्रजीवाचून ते घडले असते काय? ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद ही महाविद्यालये काढली, ती समाजातून उच्चशिक्षित निपजावेत म्हणूनच ना?

हे सारे आम्हांस मान्य आहे. एका पिढीने पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घातले, त्या पिढीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. निदान ज्यांच्या पणज्यापासून सर्वजण शिकत आले त्यांना तर मुळीच नाही. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. पहिली ही की, इंग्रजी माध्यमाची पाटी आणि इंग्रजी येणे यांत मोठे अंतर असते. तुटपुंज्या पगारावर ठेवलेली, स्वतःच त्या भाषेत अडखळणारी शिक्षिका, गळ्यात टाय, आणि पाठ केलेली उत्तरे, याला बाबासाहेबांचे इंग्रजी म्हणणे हा त्यांच्या अभ्यासाचा अपमान आहे. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळांतही चालतात. ते आपल्या गावात का नाहीत, हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बोलके, लिहिते-वाचते पालक शाळा सोडून गेले की शाळेची बाजू मांडणाराच कोणी उरत नाही. शिक्षक नाही म्हणून आपण निघतो, आणि आपण निघालो म्हणून शिक्षक राहत नाही. हे चक्र कोणी तरी कोठे तरी थांबविले पाहिजे.

खासगी शाळेत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने राखल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या जागांवर विसंबणाऱ्यांनी फार मागची नव्हे, २०२४ चीच हकीकत आठवावी. ता. ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला: ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जागांतून सूट. ता. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून जागा वाचल्या. गंमत पाहा. पट मोजताना सरकारी शाळा नकोशी होते. खासगी शाळेला गरिबांपासून वाचवावयाचे असते तेव्हा तीच सरकारी शाळा एकाएकी पुरेशी चांगली ठरते! याच सुमारास, ता. १८ सप्टेंबर २०२३ ला, सरकारी शाळा धनिकांनी दत्तक घ्याव्यात व त्यांचे नाव शाळेला जोडावे, अशीही योजना निघाली. मांडव्यापासून किहीमपर्यंत आता बंगलेवाल्यांची वाण नाही. चवदार तळे कोणी दत्तक घेऊन आपले नाव दिले असते तर आपण काय म्हटले असते, याचा वाचकांनी विचार करावा.

आता थोडे आपल्या धम्माविषयी. नवदीक्षित घरात मुलाचे नाव शाळेत घालण्याचा प्रसंग साधा नसतो. जनरल रजिस्टरात धर्माच्या रकान्यापुढे ‘बौद्ध’ लिहून घेणाऱ्या पहिल्या बापांनी काय पणाला लावले होते, हे आज विस्मृतीत जात आहे. दीक्षा घेताच अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध येण्यास मात्र १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षे तो रकाना महाग होता, तरी तो भरला गेला. आपण शाळेच्या दप्तरात आपली ओळख अशी किंमत मोजून लिहिली आहे. त्या दप्तराकडे आता पाठ फिरवून चालणार नाही.

आणि ज्या शाळेत ही ओळख लिहिली तेथे आपल्या शेजारी आज कोण बसते? कातकरी मूल. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोजते त्यांपैकी कातकरी एक. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. जंगल सरकारजमा झाले आणि तो गेला. आता दिवाळी सरली की बायकापोरांसह वीटभट्टीवर जावयाचे आणि पावसाच्या तोंडावर परतावयाचे, हा त्यांचा वर्षाचा फेरा. मुलाचे नाव पटावर असते, मूल भट्टीवर असते. परीक्षा होते तेव्हा ते विटा उलथीत असते. गावात त्या मुलाविषयी जे बोलले जाते, मळकट आहे, वास येतो, शिकणार नाही, दारू गाळणाऱ्याचे पोर आहे, ते बोल आपल्या आजोबांविषयीही याच ओट्यांवरून बोलले गेले होते. ते बोल आपल्या घरातून निघू लागले तर त्या दिवशी आपली दीक्षा संपली असे समजावे. कटू लिहिले, पण आम्ही ते बोल काही बौद्ध घरांत ऐकले आहेत.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली व जिचा अहवाल १९३० मध्ये आला, तिच्यावर बाबासाहेब सभासद होते. ती समिती केवळ अस्पृश्यांची नव्हती. अस्पृश्य वर्ग आणि आदिम जमाती या दोहोंच्या स्थितीची चौकशी तिने एकत्र केली. पुढे १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटील यांनी तो चालविला, तेव्हा त्या बहुतांशी आगरी शेतकऱ्यांच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात आणले. या किनाऱ्यावर आपण एकटे कधी लढलोच नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषदेच्या मांडवासाठी कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. नगरपालिकेतून सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या बाजूने उभे होते. मिश्र शाळेचा आग्रह ही आपल्यावर लादलेली उदारता नसून तो आपल्याच लढ्याचा क्रम आहे.

भगवंतांनी शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकाच वेळी दीक्षेस आले असता उपालीला आधी दीक्षा दिली, ती राजपुत्रांच्याच विनंतीवरून. संघात मान दीक्षेच्या क्रमाने असे. त्यामुळे शाक्यांना आपल्या न्हाव्यापुढे नमावे लागले. बैठकीचा क्रम बदलला की मन बदलते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. मोठ्या नद्या समुद्रास मिळाल्या की आपली नावे टाकतात, तसे संघात वर्ण टाकले जातात, ही उपमाही त्यांचीच. आपण तर समुद्राकाठीच राहतो.

तेव्हा करावयाचे काय? ज्यांची मुले अद्याप जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत त्यांनी प्रथम शाळा व्यवस्थापन समितीची चौकशी करावी. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, व वंचित घटकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा हव्यात. प्रत्यक्षात ही समिती बहुधा सरपंचाच्या ओटीवर बसते आणि सह्यांचे पुस्तक घरोघर फिरते. आपल्या महिला मंडळातील भगिनींनी त्या सभेला स्वतः जावे, इतिवृत्त वाचल्याखेरीज सही करू नये, आणि कातकरी वाडीतील एका तरी आईला बरोबर घेऊन जावे. शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे. रिक्त शिक्षकपद, सेमी-इंग्रजी वर्ग, मुलींचे स्वच्छतागृह हे त्यात लिहून देता येते, आणि लिहिलेल्या मागणीला लेखी उत्तर मागता येते. दासगावच्या मुलाने एका पत्रावर दार उघडविले. आपल्यापाशी तर कायदा आहे.

ज्यांची मुले खासगी शाळेत गेली त्यांनी ती परत आणावीत, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्यापैकी जे शिक्षक, कारकून, अभियंता झाले त्यांनी आठवड्यातील दोन संध्याकाळी गावच्या विहारात अभ्यासवर्ग घ्यावा. विहाराचा दिवा वर्षातून चार वेळा लागतो, बाकीचे दिवस कुलूप असते. तेथे गावातील प्रत्येक मूल यावे. कोळ्याचे, मुसलमानाचे, कातकऱ्याचे. त्याच्याकडून त्रिशरण म्हणवून घेण्याची घाई कोणी करू नये, गणित म्हणवून घ्यावे.

आणि दिवाळीपूर्वी एक काम आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद सरकारी योजनेत आहे. मात्र मुलांची यादी वेळेवर गेली तरच ती उघडतात. कुटुंबे निघून गेल्यावर यादी करणे म्हणजे गलबत सुटल्यावर धक्क्यावर धावणे. ज्या ज्या गावी आपली वस्ती आणि कातकरी वाडी शेजारी आहे तेथील तरुणांनी भाद्रपदातच वाडीत जाऊन कोणते कुटुंब जाणार, कोणते मूल मागे राहू शकेल, त्याची आजी किंवा काकू गावात आहे काय, हे विचारून यादी करावी आणि मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. पोच घ्यावयास विसरू नये.